मिड-सेंच्युरी मॉडर्न शैलीमुळे घरातले राहणे खरोखर बदलले का?

आपला प्रश्न असा आहे की, मिड-सेंच्युरी मॉडर्न, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातली घरे आणि फर्निचर यांची शैली, म्हणजे निमुळत्या पायांच्या खुर्च्या आणि बुटकी लाकडी कपाटे एवढेच, की त्या काळातील लोकांच्या घरातल्या वावरण्यातही त्यामुळे काही फरक पडला. आणि तसे फर्निचर घेतल्याने पुण्यातील आपल्या फ्लॅटमध्ये काही साधेल का. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे मी गेली नऊ वर्षे याच शैलीच्या एका घरात राहते, म्हणून उत्तर लिहीत आहे. माझ्या मते फरक पडला आणि तो मोठा होता, पण तो पाहायचा असेल तर खुर्च्यांच्या आधी स्वयंपाकाच्या ओट्याकडे जावे लागते.

आमचे घर जोसेफ आयक्लर यांनी बांधलेल्या वसाहतींपैकी एका वसाहतीत आहे. आयक्लर मूळचे लोणी-अंड्यांच्या घाऊक व्यापारातले. १९४० च्या दशकात प्रसिद्ध अमेरिकी वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेल्या, कॅलिफोर्नियातीलच हिल्सबरो येथील एका घरात ते काही काळ भाड्याने राहिले आणि त्या घराने त्यांना इतके भारले की पुढे ते स्वतःच बिल्डर झाले. श्रीमंतांसाठी वास्तुरचनाकार जे करतात ते मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशा किमतीत द्यायचे, या ध्यासाने त्यांनी रॉबर्ट अँशन आणि नंतर क्विन्सी जोन्स व फ्रेडरिक एमन्स यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांकडून आराखडे करून घेतले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ११,००० घरे उभी केली.

या घरांचे सामर्थ्य त्यांच्या सांगाड्यात आहे. छताचा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असल्यामुळे आतल्या बहुतेक भिंतींना काही पेलावे लागत नाही; त्या हव्या तेथे घालता येतात आणि नको असतील तर घालाव्याच लागत नाहीत. मागची बाजू जमिनीपासून छतापर्यंत काचेची होऊ शकते. मोकळे स्वयंपाकघर, सरकती दारे, बागेत उघडणारी बैठक हे सारे या एका गोष्टीमुळे शक्य झाले.

याच्या आधीचा विचार निराळा होता, हे सांगितल्याशिवाय त्यातले नवेपण कळणार नाही. १९२६ साली वास्तुरचनाकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी जर्मनीतील फ्रँकफर्टमधील कामगार वसाहतींसाठी केलेले स्वयंपाकघर फार विचारपूर्वक आखलेले होते: जेमतेम साडेसहा चौरस मीटर जागा, प्रत्येक वस्तू हाताशी, पावलांचा हिशोब केलेला. त्यात बाईचे श्रम निश्चितच वाचले; परंतु त्या अरुंद खोलीत ती एकटी पडली, कारण तेथे दुसऱ्या माणसाला उभे राहायलाही जागा नव्हती. राइट यांनी १९३७ च्या जेकब्स कुटुंबाच्या घरात स्वयंपाकाची जागा थेट बैठकीला जोडली आणि आयक्लर यांच्या घरांत ही कल्पना हजारो कुटुंबांपर्यंत पोहोचली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत बहुतेक मध्यमवर्गीय घरांत घरकामाला नोकर उरले नव्हते आणि घरोघरी लहान मुले होती. स्वयंपाक करता करता मुलांवर लक्ष ठेवायचे आणि पाहुण्यांशी बोलायचे, ही रोजची गरज होती.

आमच्या ओट्यापाशी उभे राहिले की समोर जेवणाचे टेबल, त्यापलीकडे मुलांची अभ्यासाची आणि खेळायची जागा, आणि काचेपलीकडे परसातले लिंबाचे झाड दिसते. माझी आई सांगलीहून पहिल्यांदा आली तेव्हा तिला हा उघडेपणा अवघडून टाकणारा वाटला. तिचे सारे आयुष्य माजघरामागच्या स्वयंपाकघरात गेलेले. बाहेर बैठकीत कोण काय बोलले ते तिला नेहमी नंतर, दुसऱ्याकडून कळायचे. पंधरा-वीस दिवसांनी एका संध्याकाळी, ओट्याच्या एका बाजूला ती पोळ्या लाटत होती, पलीकडे माझी मुलगी गणिते सोडवत होती आणि माझे यजमान मित्राशी बोलत बसले होते. त्यांच्या बोलण्यात आईने मध्येच आपले मत घातले, आणि नंतर मला म्हणाली, "इथं कुणाकडे पाठ करून उभं राहावं लागत नाही गं." मिड-सेंच्युरी रचनेचे यापेक्षा नेमके वर्णन मी आजवर वाचलेले नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे घराचे तोंड फिरले. आयक्लर यांची घरे रस्त्याच्या बाजूने जवळजवळ मुकी असतात: गॅरेज, लाकडी फळ्यांची भिंत आणि एक दार. सगळी काच मागे, बागेकडे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बऱ्याच घरांत मध्यभागी वर उघडा चौकही आला. वाड्याच्या चौकाची आठवण आपल्याकडच्या प्रत्येक पाहुण्याला होते; पावसाची सर आली की चारी बाजूंच्या खोल्यांतून ती दिसते. मात्र या रचनेची एक किंमत होती. जुन्या अमेरिकी घरांपुढच्या ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी जे बोलणे व्हायचे ते येथे होत नाही. शेजारच्या आजोबांना आम्ही नावाने ओळखू लागलो ते तब्बल दोन वर्षांनी, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

बाकीचे दोषही सांगायला हवेत. हिंगाची फोडणी दिली की तिचा वास शेवटच्या बेडरूममध्ये पोहोचतो, आणि रात्री एकाने टीव्ही लावला की सगळे घर जागे राहते. मूळच्या एकेरी काचा आणि पातळ छप्पर यांमुळे उन्हाळ्यात घर तापते. हिवाळ्यात मात्र फरशीखालच्या काँक्रीटमधील पाइपांतून गरम पाणी फिरते आणि अनवाणी चालण्याचे जे सुख मिळते ते शब्दांत सांगणे कठीण आहे. तेच पाइप जुने झाले की गंजतात. चार वर्षांपूर्वी आमच्या बोळातील फरशीचा हातभर तुकडा इतर जागेपेक्षा जास्त गरम लागू लागला आणि पाण्याचे बिल वाढले. एका कारागिराने अंदाजाने चुकीच्या जागी काँक्रीट फोडले. दुसऱ्याने उष्णता दाखवणारा कॅमेरा आणून गळती नेमकी शोधली. असे घर घेणाऱ्याने या खर्चाची तयारी ठेवावी.

खुर्च्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याने युद्धकाळात अमेरिकी नौदलासाठी, जखमी सैनिकांच्या पायाला आधार द्यायला, प्लायवूड वाकवून पट्ट्या तयार केल्या आणि त्याच तंत्रातून १९४५-४६ मध्ये शरीराच्या आकाराला धरून बसणाऱ्या त्यांच्या प्लायवूडच्या खुर्च्या निघाल्या. गादीवाचून आरामशीर आणि एका हाताने उचलता येईल इतकी हलकी खुर्ची मिळाल्यावर एकाच खोलीत सकाळी न्याहारी, दुपारी शिवणकाम आणि रात्री मेजवानी होऊ शकली. मोकळ्या खोलीला हलक्या सामानाची गरज होती. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या याच जोडप्याने १९५८ च्या आपल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचे मनापासून कौतुक केले होते, आणि त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

आणखी एक गोष्ट, जी या शैलीच्या गुळगुळीत छायाचित्रांत दिसत नाही. त्याच काळात लेव्हिटटाउनसारख्या प्रसिद्ध वसाहतींत कृष्णवर्णीयांना घर मिळत नव्हते. आयक्लर यांनी वर्ण किंवा धर्म न पाहता घरे विकली आणि बांधकाम व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना हे धोरण स्वीकारत नाही म्हणून १९५८ मध्ये तिचा राजीनामा दिला. आमच्या गल्लीत आज मराठी, तेलुगू, चिनी आणि इराणी कुटुंबे राहतात. त्या निर्णयाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता आपल्या फ्लॅटबद्दल. सोफा घेण्याआधी आपल्या ओट्यापाशी उभे राहून समोर काय दिसते ते पाहा. फक्त टाइल्स दिसत असतील आणि हॉलकडची भिंत भार पेलणारी नसेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून आणि सोसायटीची परवानगी घेऊन ती ओट्याच्या उंचीपर्यंत उतरवता येईल का ते विचारा. ते शक्य नसेल तर निदान भाजी निवडायचे टेबल हॉलमध्ये, सगळे बसतात तेथे आणा. सामान थोडे आणि हलके ठेवा. पाय उंच असलेले कपाट घेतले तर खालची फरशी दिसत राहते आणि लहान खोली कोंदट वाटत नाही. भिंत उतरवलीच, तर चिमणी चांगल्या क्षमतेची आणि धूर बाहेर सोडणारी घ्या, कारण नुसती जाळीतून हवा फिरवणारी चिमणी आपल्या फोडणीपुढे टिकत नाही, हे मी दोन चिमण्या बदलून शिकले आहे.