वाचक विचारतात : छोटं रोटरी टूल

प्रश्न : फवारणी पंप आणि ठिबकच्या किरकोळ दुरुस्तीसाठी १३० वॉटचं रोटरी टूल घेतलं. दहा मिनिटांत हातात धरवत नाही इतकं तापतं, आत ठिणग्याही दिसतात. मोटर गेली का?
– एक शेतकरी, फैजपूर

कार्बन (मोटरला वीज पोचवणारा छोटा ठोकळा) कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर, घासतो तिथे बारीक निळसर ठिणगी नेहमीच असते, तिची चिंता नको. ठिणगी कम्युटेटरभोवती कडं करून फिरत असेल आणि जळका वास येत असेल, तर मात्र आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, गेलं समजा. स्वस्तातल्या यंत्राचं आर्मेचर भरून आणण्यात अर्थ नाही.

तापण्याचं कारण बहुतेक वेळा हाताच्या जोरात असतं. मोटर थंड करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. तुम्ही दाबलंत की फेरे कमी होतात, पंख्याची हवा घटते आणि त्याच वेळी मोटर जास्त करंट खेचते. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं की फेरे आणखी उतरतात, काम होईना म्हणून माणूस अजून दाबतो. त्यात आपल्याकडचा मे महिना. आवाज जड झाला की हात सैल सोडा. पीव्हीसी वितळू नये म्हणून वेग कमी ठेवता ते बरोबर, पण कमी वेगावर सलग चालवू नका. तीन-चार मिनिटांनी कामाच्या वस्तूपासून उचलून अर्धा मिनिट पूर्ण वेगाने मोकळं फिरवा. बंद करून ठेवण्यापेक्षा ते लवकर निवतं.

शिवाय मागच्या जाळीत कापसाची तुसं अडकलीत का पाहा. कार्बनही तपासा. प्लग काढून दोन्ही बाजूंच्या टोप्या सपाट पेचकसाने उघडा. ३ मिलिमीटरपेक्षा आखूड झाला असेल तर जोडीच बदला, एकच नाही. जुनाच परत घालायचा तर गोलाई होती त्याच दिशेला बसली पाहिजे, उलटा बसला की ठिणग्या वाढतात. नवीन कार्बन टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटं भार न देता चालवा, म्हणजे ते कम्युटेटरच्या गोलाईला बसतील.

प्रश्न : दुकानात हँगिंग मोटर (टांगलेली, लवचिक शाफ्टची) आहे. घरच्या कामाला ड्रेमेल कंपनीचं रोटरी टूल आणलं, पण दुकानातले बर (कोरायची बारीक पाती) त्यात लटपटतात.
– एक कारागीर, जळगाव

सोनारकामाच्या बरची दांडी २.३५ मिलिमीटरची असते आणि ड्रेमेलसोबत येणारं कोलेट, म्हणजे दांडी पकडणारी चिरलेली नळी, ३.२ चं. २.४ चं कोलेट वेगळं मिळतं, ते घ्या. कागद गुंडाळून बसवण्याचा उद्योग करू नका, मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर दांडी वाकून बर उडतो. बर आतपर्यंत घालून किंचित मागे ओढा, मग आवळा. रिकामं कोलेट कधीच आवळू नये, त्याचा गाळा चेपतो. आणि शाफ्ट अडकवण्याचं बटण यंत्र पूर्ण थांबल्यावरच दाबायचं.

तुमची हँगिंग मोटर विकू मात्र नका. अमेरिकेतली फोरडम कंपनी १९२२ पासून या लवचिक शाफ्टच्या मोटरी बनवते. ड्रेमेल १९३२ ची, तीही अमेरिकेचीच, १९९३ पासून बॉशकडे. बारीक जडावाला हातात फक्त हँडपीस असण्याचा आणि वेग पायाने सांभाळण्याचा फायदा ड्रेमेल देत नाही. फक्त शाफ्टला कामात घट्ट वळण पडू देऊ नका.

प्रश्न : मोटरपंपाच्या झाकणाच्या स्क्रूचं डोकं झिजलंय, पेचकस फिरतो. कापता येईल?
– एक वाचक, शिरपूर

कापू नका, खाच पाडा. ३८ मिलिमीटरचं जाळीदार फायबरचं कटिंग व्हील लावा. काळ्या, बिनजाळीच्या पातळ चकत्या जराशा तिरक्या झाल्या की फुटतात. चकती सरळ उभी धरून डोक्याच्या मध्यावर अलगद दोन-तीनदा टेकवा. खाच दीड-दोन मिलिमीटर खोल पुरते, त्याहून खोल गेली तर पिळताना डोकं दुभंगतं. गंज सोडवणारं तेल आधी मारू नका, ठिणग्यांनी पेटतं. खाच पाडून डोकं निवू द्या, मग तेल घाला, पंधरा मिनिटांनी रुंद पात्याच्या पेचकसाने आधी थोडं आवळण्याच्या दिशेला हलवा आणि मग सोडवा. कापूस साठवलेल्या खोलीत हे काम अजिबात नको.

चष्मा हवाच. चकती लहान म्हणून लोक फसतात : ३८ मिलिमीटरची चकती ३३,००० फेऱ्यांवर असली तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ६५ मीटर पडतो. चार इंची ग्राइंडरचा, ११,००० फेऱ्यांवर, ५८ च्या आसपास. चकतीच्या रेषेत तोंड ठेवू नका.

प्रश्न : देवाचे चांदीचे टाक तारेच्या ब्रशने चमकवले तर चालेल?
– एक वाचक, पारोळा

नको. पातळ पत्र्यावरचं उठावाचं काम पुसलं जाईल, दोन-चार वेळांत नाकडोळे सपाट. रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. यंत्रच वापरायचं असेल तर फेल्टचं चाक, लाल पॉलिशची वडी आणि सर्वांत कमी वेग. तारेचा ब्रश गंजलेल्या लोखंडासाठी ठेवा, आणि तिथेही १५,००० फेऱ्यांच्या वर नेऊ नका, तारा सुटून अंगात घुसतात.