जुन्या बाजारातले स्ट्रट घ्यावेत का?

प्रश्न : माझी पेट्रोल स्विफ्ट खड्ड्यात पुढून आपटते. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात डिझेल स्विफ्टचे स्प्रिंगसकट स्ट्रट (पुढच्या चाकांवरचे शॉकअप) मिळताहेत. कडक असतात म्हणे. बसवू का? – एक वाचक, बदलापूर

उत्तर : स्प्रिंग कडक असते हे खरं, पण ती डिझेल इंजिनाच्या जादा वजनासाठी. हलक्या पेट्रोल गाडीत पुढचा भाग उचलला जाईल आणि धक्के उलट वाढतील. पेट्रोलचीच स्प्रिंग घ्या, दोन्ही बाजूंची एकाच गाडीची. तिच्यावरच्या रंगाच्या खुणा जुळवा आणि शेवटचा वेढा गंज खरवडून बघा. तुटते ती बहुधा तिथेच.

शॉकअप मात्र नवेच घ्या, जोडीने. बाजारात तेलाचे ओघळ पुसून ठेवलेले असतात. तरी जुना घ्यायचाच असेल, तर उभा धरून दांडा दाबा-ओढा : मध्येच पोकळ लागला किंवा दांड्यावर ओरखडे दिसले, तर सोडून द्या. बुश (सांध्यातली रबरं), बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोल सांधा), वरचं माउंट (स्ट्रटचं वरचं टोक गाडीला धरणारी रबरी बैठक) जुनं घेण्यात काहीच बचत नाही. तुमच्या गाडीचा आपटण्याचा आवाज कदाचित त्यांचाच असेल, आधी तेच तपासा.

स्ट्रट खोलताना दोन्ही बाजूंनी स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) लावून ती वरच्या माउंटवर सैल झाल्यावरच मधला नट काढा, नाहीतर स्प्रिंग तोंडावर येते. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) काढला असेल, तर त्याच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवूनच शेवटचे आवळा. जॅकवर आवळले की बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मग अलाइनमेंट करून घ्या.