कौटुंबिक कार्यशाळेत हाताने घडवलेली जुनी मातीची भांडी जमवताना अस्सलपणा कसा ओळखावा?

प्रथम भांडे उलटे करून बूड पाहावे. इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज येथे १९२० मध्ये सुरू झालेल्या लीच पॉटरीचे उदाहरण घेतल्यास, तेथील नेहमीच्या वापराच्या भांड्यांवर सहसा केवळ कार्यशाळेचा शिक्का आढळतो, तर स्वतंत्रपणे घडवलेल्या वस्तूंवर त्याच्या जोडीला कारागिराचा स्वतःचाही शिक्का असतो; कार्यशाळेचे संस्थापक कुंभार बर्नार्ड लीच, त्यांचे पुत्र डेव्हिड आणि शिकाऊ कारागीर एकाच ठिकाणी काम करत असल्यामुळे हा फरक किमतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो. मात्र केवळ शिक्क्यावर विसंबू नये, कारण बर्नार्ड यांच्या नावाची बनावट भांडी चक्क तुरुंगातील कुंभारकामाच्या वर्गात घडवली गेली होती आणि ती लिलावापर्यंत पोहोचली होती. बुडाच्या कड्याची घडण, वजन आणि झिलई यांची खात्रीच्या नमुन्याशी तुलना करावी.