फियाटला मारुतीचं इंजिन बसवू का?

प्रश्न (दर्यापूर, जि. अमरावती): माह्याकडे आबाजीची १९७२ ची फियाट हाये. उन्हाळ्यात अकोल्याले जाता जाता रेडिएटर उकळते, रस्त्यात थांबा लागते. मेकॅनिक म्हणते मारुती व्हॅनचं इंजिन टाका, समोर डिस्क ब्रेक बसवा, अलॉय लावा, टेन्शन खतम. घरचे म्हणतात हाये तशी ठेव. कोनाचं ऐकू?

उत्तर: भाऊ, इंजिन काढू नका. दर्यापूर म्हणजे खारपाण पट्टा, पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं, आणि तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये जात असेल तर आतल्या नळ्यांत क्षार बसून त्या अर्ध्या बुजल्या असणार, त्यात वरून ४५ डिग्रीचं ऊन, मग गाडी उकळणारच ना. रेडिएटर खोलून साफ करून घ्या, नळ्या फारच गेल्या असतील तर त्याच खोक्यात नवा कोअर, म्हणजे आतली नळ्यांची जाळी, टाकून मिळतो. इंजिनच्या आतली पाण्याची वाटही फ्लश करा, होज, फॅन बेल्ट, वॉटर पंप बघा, इग्निशनचं टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, तपासा, तेही बिघडलं की इंजिन तापतं. नंतर बोअरचं पाणी बंद, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. एवढं झाल्यावरही तापली तर मला परत लिहा.

तुमचं मूळ इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडरचं. ते काढून मारुती व्हॅनचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडर टाकायचं म्हणजे माउंटिंग कापा, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जुळवा, आणि एकदा कापलं की ते परत येत नाही. शिवाय गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाणारा बदल चालणार नाही. आणि गाडी आता ५० वर्षांच्या वर गेली आहे, २०२१ च्या नियमांप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसला तरच. अर्थात ती नोंदणी केली की रोजच्या कामाला गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून दर आठवड्याला अकोला करायचं असेल तर साध्या नोंदणीतच ठेवा.

मग काहीच बदलू नये का? तसं नाही. जे बोल्ट खोलून परत जसंच्या तसं करता येतं ते खुशाल करा. स्पार्कसाठीच्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले (स्विचवरचा लोड कमी करतो), सीट बेल्ट, मूळ रिमवरच रेडियल टायर. काढलेला पार्ट मात्र भंगारात देऊ नका, कापडात गुंडाळून ठेवा. इलेक्ट्रिक फॅन कोणी सुचवला तर आधी बघा गाडीत बॅटरी चार्ज करायला जुना डायनॅमो आहे का अल्टरनेटर, डायनॅमोला तो लोड झेपत नाही. ब्रेकचं म्हणाल तर चारही ड्रम नीट अ‍ॅडजस्ट करा, व्हील सिलिंडरचे किट आणि लायनर नवे टाका, या वजनाच्या आणि या स्पीडच्या गाडीला तेवढं पुरतं. पार्ट इकडे नाही मिळाले तर मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टवाल्यांकडे विचारा, गाडी बनलीही तिथेच, कुर्ल्यात.

प्रश्न (आर्णी, जि. यवतमाळ): आमच्या जुन्या जीपला वडलांनी डिझेल इंजिन टाकलेलं, परत पेट्रोल करू का?

उत्तर: आरसीवर डिझेल चढलेलं असेल आणि जीप शेतात राबत असेल तर राहू द्या, पेट्रोलचा खर्च झेपणार नाही. मूळ इंजिन गोठ्यात पडलं असेल तर तेवढं विकू नका, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून झाकून ठेवा.