ड्रम वाजवायला नोटेशन वाचता यायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी तबला शिकलात, आता ऐरोलीत वर्षभर गाणी ऐकून ड्रम वाजवताय आणि साथ बरी जमते. मग नोटेशनच्या मागे लागायचं का?

नुसतं चांगलं वाजवायचं असेल तर त्यावाचून अडत नाही. अमेरिकन जॅझ ड्रमर बडी रिचला नोटेशन वाचता येत नव्हतं. नवी रचना तो आधी दुसऱ्या ड्रमरकडून वाजवून घ्यायचा, ऐकायचा आणि मग स्वतः बसायचा. पण बँड त्याचा होता, म्हणून ते चालायचं.

मी ठाण्यात ऑर्केस्ट्रात वाजवतो. गडकरी किंवा घाणेकर नाट्यगृहात कार्यक्रम असतो, नेहमीचा ड्रमर आजारी पडतो आणि दुपारी फोन येतो, 'संध्याकाळी बसशील का?' वीसेक गाणी, तालीम नाही. साउंड चेकला दोन-तीन गाण्यांची सुरुवात वाजवून बघता येते, तेवढीच. अशा वेळी प्रत्येक गाण्याचा एक कागद समोर लागतो: इंट्रो आठ बार (बार म्हणजे बहुतेक चार ठोक्यांचं एक आवर्तन), मग मुखडा, मधल्या म्युझिकच्या शेवटच्या बारला चौथ्या ठोक्यावर सगळे कट, म्हणजे एकदम थांबायचं, मग अंतरा. ठेका ऐकून धरता येतो हो, पण कट ऐकू येईपर्यंत निघून गेलेला असतो! माझ्या मते शिकायचं ते यासाठी. (रॉकस्कूल किंवा ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील तर प्रश्नच मिटला, त्यांची गाणी नोटेशनमध्येच छापलेली असतात.)

आणि कीबोर्डवाल्यापेक्षा आपलं काम खूप सोपं आहे, सूर ओळखायचे नसतात. पाच रेघांत सगळ्यात खालच्या घरात बेस ड्रम, खालून तिसऱ्या घरात स्नेअर, रेघांच्या वर हायहॅटच्या (पायाने मिटायच्या झांजांच्या जोडीच्या) फुल्या. नेहमीचा साधा ठेका म्हणजे एका बारमध्ये वर ओळीने आठ फुल्या, पहिल्या-तिसऱ्या ठोक्याला बेस, दुसऱ्या-चौथ्याला स्नेअर. तुम्ही तर तबल्याचे. भातखंडे पद्धतीत एका मात्रेतल्या बोलांखाली अर्धचंद्र काढतात, इथे त्याच कामाला नोटांच्या काड्या वरून आडव्या रेघेने जोडतात. मात्रेला एक नोट म्हणजे क्वार्टर, दुगुन म्हणजे एट्थ, तिगुन म्हणजे ट्रिपलेट, चौगुन म्हणजे सिक्स्टीन्थ. निम्मं तुम्हाला आधीच येतंय.

फक्त कान सोडू नका. लावणीचा ठेका कागदावर उतरतो, ढोलकीचा ठसका उतरत नाही. मुंबईच्या सिनेसंगीतातही चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले गोव्याचे वादक आणि कानाने वाजवणारे ढोलकवाले एकाच स्टुडिओत बसायचे, आणि दोघांचंही काम तितकंच मोलाचं होतं.

सुरुवात दुसऱ्याचं वाचण्यापासून करू नका. जे गाणं हातात पक्कं बसलंय तेच लिहून काढा. आधी मुखड्या-अंतऱ्याचे बार मोजून मांडा, मग कट लिहा, मग ठेका. फिल, म्हणजे दोन भागांमधल्या भरीच्या जागा, सगळ्यात शेवटी, आणि तेही ठरलेले असतील तेवढेच.