टेकडीवर सगळं गिरिपुष्पच माजलंय; विविधता आणायला ते सरसकट तोडावं का?

नाही, वनखात्याच्या परवानगीने तुकड्यातुकड्याने विरळ करा. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड तोडलं की बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटतं, आणि एकदम ऊन मिळालं की मोकळ्या जागेत घाणेरीची झुडपं माजतात. म्हणून दोन-चार झाडांएवढीच फट करा आणि पावसाळाभर धुमारे खुडत राहा. खरं काम तेच, कंटाळवाणं. फटीत आधी पक्ष्यांच्या विष्ठेतून आपसूक रुजलेली रोपं शोधून जपा. मग सालई, मोई, धावडा लावा, खाली धायटी, मुरुडशेंगेसारखी झुडपं. एखादा वाळका बुंधा उभाच राहू द्या. तांबट पक्षी त्यात ढोली कोरतो. मात्र मुरमाड माथ्यावर मूळचं गवतच असेल, तर तिथे झाडं लावू नका.