यंत्राची सवय लागली तर मूल बोलणारच नाही का?

सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या अवस्थेमुळे, बोलता न येणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा दोन प्रश्न बहुधा एकत्रच येतात. मुलाच्या वतीने बोलणारे यंत्र किंवा ॲप त्याच्या हाती दिले, तर ते स्वतः बोलण्याचा प्रयत्न सोडून देईल का, हा पहिला. आणि द्यायचेच ठरवले तर ते कुठून मिळवायचे व त्याचा खर्च कसा भागवायचा, हा दुसरा. सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबाची हकिगत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देत आहे. त्यांच्याकडे हे दोन्ही प्रश्न होते आणि पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याला हात घालणे त्यांना शक्यच नव्हते.

मुलगा आठ वर्षांचा, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारा. हातापायांच्या हालचाली त्याच्या ताब्यात राहत नसत. बोलण्याच्या नावाखाली दोन-तीन स्वर तेवढे बाहेर पडत. समजत मात्र त्याला सगळे होते. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. पुण्यातल्या एका नातेवाइकाने त्यांना डोळ्यांच्या हालचालींवर चालणाऱ्या परदेशी यंत्राची माहिती दिली होती. त्याची किंमत काही लाखांत असल्यामुळे पतसंस्थेचे कर्ज काढावे का, याचा विचार घरात सुरू होता. त्याच वेळी आजीचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे म्हणणे होते, की मशीन आले की पोराची जीभ कायमची बसली म्हणून समजा. आईने मला विचारले, "मॅडम, कर्ज काढून त्याचं नुकसानच करून ठेवणार नाही ना आम्ही?"

ही भीती अडाणीपणाची नाही. शिकलेले पालक ती बोलून दाखवतात, कधी कधी डॉक्टरही. तिच्यामागे असा समज असतो, की बोलणे हा कष्टाचा मार्ग आहे आणि सोपा मार्ग दिसला की मूल तोच धरणार. प्रत्यक्षात बोलण्याचे स्नायू ज्याला साथ देत नाहीत, ते मूल आळसामुळे गप्प नसते. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला. ज्यांच्याविषयीचा पुरावा सर्वांत भक्कम होता, अशा २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे चित्रफलक, खुणा किंवा यंत्र वापरल्यामुळे कमी झाले नव्हते, आणि बहुतेकांच्या बोलण्यात थोडीफार वाढच दिसली होती. 'थोडीफार' हा शब्द मी पालकांना मुद्दाम दोनदा सांगते, कारण यंत्र आणले म्हणजे वाचा फुटेल, ही आशाही तितकीच चुकीची आहे. मुलाला काय म्हणायचे आहे ते आज, आत्ता समोरच्याला कळावे, एवढ्यासाठी हे साधन असते.

यंत्राविषयी काहीही ठरवण्याआधी मी आईला एक वही करायला सांगितले. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मुलाला काय सांगायचे असते, कोणाला सांगायचे असते आणि ते न कळल्यामुळे रडारड कुठे होते, एवढेच तिच्यात लिहायचे होते. ती वही माझ्या मते कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालाइतकी मोलाची ठरली. लघवीला जायचे आहे, पंखा बंद करा, वरण-भात नको, दादाने माझी गाडी घेतली, अशा नोंदी तिच्यात होत्या. एका पानावर लिहिले होते, की शाळेत जाताना तो तासभर रडत होता, सगळ्यांनी त्याला हट्टी म्हटले, आणि घरी येऊन कॅलिपरचा, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या साधनाचा बूट काढल्यावर आत मोज्याची घडी पडून पायावर लाल वळ उठलेला दिसला. ते पान वाचल्यावर 'बूट टोचतोय' हे सांगण्याची सोय आधी हवी, हे घरात कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

ही वही घेऊन कुटुंबाला मी जिल्हा रुग्णालयातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत चालणारी ही केंद्रे जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. सगळी पदे सगळीकडे भरलेली असतात असे नाही, परंतु मोफत तपासणीची सुरुवात तेथून करता येते. तेथील थेरपिस्टने पहिल्याच भेटीत यंत्राऐवजी बसण्याकडे लक्ष दिले. मुलगा आईच्या मांडीवर होता तोवर चित्रावर बोट ठेवताना त्याचा हात भलतीकडेच जाई. त्याला खुर्चीत बसवून कमरेला पट्टा लावला, पाय हवेत लोंबकळू नयेत म्हणून खाली लाकडी ठोकळा दिला आणि चित्रांचा तक्ता पाटावर तिरका टेकवून डाव्या बाजूला सरकवला, तेव्हा त्याच हाताने चारपैकी हवे ते चित्र त्याने बऱ्याच वेळा बरोबर गाठले. शरीर सावरण्यातच सगळी ताकद खर्च होत असेल तर बोटाच्या वाट्याला काय उरणार? डोळ्यांनी चालणारे यंत्र ज्यांचे हात काहीच साथ देत नाहीत त्यांच्यासाठी खरोखर उपयुक्त आहे. या मुलाला त्याची गरज नव्हती, आणि कर्जाचा विषय तेथेच संपला.

त्यानंतर साधन शोधणे फार अवघड राहिले नाही. पहिला तक्ता घरीच झाला. घरातल्याच वस्तूंचे आणि माणसांचे फोटो काढून, तालुक्याच्या गावी छापून ते लॅमिनेट करून घेतले. तयार संचांत भाकरी नसते, आत्या नसते, कॅलिपरचा बूट तर नसतोच. शिवाय कागदाला चार्जिंग लागत नाही. त्याच्या जोडीला वडिलांच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर 'जेलो' हे ॲप घेतले. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या अभिकल्प (डिझाइन) विभागात तयार झालेले हे ॲप मोफत असून मराठीतही आहे. पहिल्या पडद्यावर खाणे, खेळ, माणसे, मदत असे नऊ विभाग आणि कडेला 'आवडते', 'हो', 'अजून' व त्यांच्या उलट अर्थाची अशी सहा बटणे असतात. चित्र निवडून कडेचे बटण दाबले की पूर्ण वाक्य ऐकू येते. फोनच्या लहान पडद्यावर मुलाचे बोट शेजारच्या चित्रावर घसरत असल्यामुळे टॅब्लेट लागणार हे लवकरच कळले. मात्र ही खरेदी गरज पाहून झाली, जाहिरात पाहून नव्हे. महागडे यंत्र घ्यायचेच असेल तर ते काही दिवस वापरून पाहायला मिळते का, बिघडल्यास दुरुस्ती भारतात होते का आणि त्याचा आवाज मराठीत आहे का, हे आधी विचारावे. ज्या घरात आजीला इंग्रजी कळत नाही, तेथे इंग्रजीत बोलणारे यंत्र घरातल्या निम्म्या माणसांसाठी मुकेच राहते.

खर्चाच्या बाबतीत पालकांची सर्वाधिक दमछाक होते, कारण प्रत्येक योजनेची खिडकी वेगळी असते. या कुटुंबाकडे दिव्यांगत्वाचे जुने कागदी प्रमाणपत्र होते, वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी नव्हते. ते आधी काढून घेतले, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक अर्ज त्याच्यावर अडतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना सहायक साहित्य मिळते. महिन्याचे उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास पूर्ण मोफत आणि ३०,००० रुपयांपर्यंत असल्यास निम्म्या खर्चात. मुलांसाठी पालकांचे उत्पन्न धरले जाते. कानपूरच्या एलिम्को या दिव्यांगांसाठी साधने बनवणाऱ्या सरकारी कंपनीकडून येणारी सीपी चेअर, म्हणजे या मुलांना आधार देऊन बसवणारी खुर्ची, तालुक्याच्या गटसाधन केंद्राने, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या शिक्षण विभागाच्या केंद्राने, समग्र शिक्षा अभियानातून भरवलेल्या मोजमाप शिबिरात नोंदवता आली. येथे एक सावधगिरी सांगते: माप घेतल्यापासून खुर्ची येईपर्यंत बरेच महिने जातात आणि तोवर मूल वाढलेले असते, तेव्हा वाटपाच्या दिवशी मुलाला त्या खुर्चीत बसवून पाहिल्याशिवाय सही करू नये.

टॅब्लेटसाठी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज केला. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लहान गावाचे स्वउत्पन्नच तुटपुंजे असल्याने या निधीतून फार मोठी रक्कम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. या कुटुंबाला निम्मे पैसे मिळाले आणि उरलेले मामाने दिले. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' ही आरोग्य विमा योजनाही त्यांना ठाऊक नव्हती. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते आणि थेरपीचा काही खर्चही त्यातून मिळू शकतो.

साधन घरात आल्यावर खरे समुपदेशन सुरू झाले. साधन मुलापुढे ठेवून "बोल" म्हणायचे नसते. मोठ्यांनी स्वतः बोलताना चित्रांवर बोट ठेवायचे असते, म्हणजे मूल पाहून शिकते. आई हे सहज करू लागली. वडिलांना लाज वाटे. सर्वांत आधी पटाईत झाल्या त्या आजी, ज्यांचा विरोध सर्वांत मोठा होता. त्या चहा पिताना 'चहा' आणि 'अजून' दाबून नातवाला हसवत. मुलाने मात्र सुरुवातीचे कित्येक दिवस एकाच बटणाचा सपाटा लावला होता आणि ते होते 'नको'. जेवण नको, शाळा नको, आत्या नको. वडील वैतागून म्हणाले, "मॅडम, हे शिकवायला आणलं होय आपण? पोरगं उद्धट झालं." मी त्यांना म्हटले, "आठ वर्षं त्याच्या तोंडात घास कोंबला तरी त्याला 'नको' म्हणता येत नव्हतं. आता म्हणतोय, तर ऐकायला हवं. औषधाला 'नको' चालणार नाही, पण दुसऱ्या भाकरीला चालेल, हे त्याला समजावून सांगा." हळूहळू 'नको'च्या जागी 'हे नको, ते दे' आले. 'नको' दाबताना तोंडाने "न" असा आवाज तो काढू लागला आहे, हेही आजींनीच सर्वांत आधी टिपले.

शाळेत अडचण वेगळीच आली. वर्गात मोबाइल किंवा टॅब्लेटला परवानगी नाही, एकाला दिली तर सगळे मागतील, असे शाळेकडून सांगण्यात आले. आम्ही भांडण न करता पत्र दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये बोलण्याला पूरक अशा पर्यायी संवादपद्धतींना प्रोत्साहन देण्याचे आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत सहायक साधने मोफत पुरवण्याचे बंधन शासन व स्थानिक प्राधिकरणांवर आहे, याकडे त्या पत्रात लक्ष वेधले होते. सोबत गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षिकेचे शिफारसपत्र जोडले. परवानगी मिळाली, पण टॅब्लेट मधल्या सुट्टीत बाईंच्या कपाटात राहील, अशी अट घालण्यात आली. मधल्या सुट्टीतच तर मुले एकमेकांशी बोलतात, म्हणून ही अट बदलून घेण्यासाठी आईने आता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवला आहे. तोवर सुट्टीत वापरण्यासाठी लॅमिनेट केलेल्या तक्त्याची दुसरी प्रत दप्तरात असते आणि तिच्यावर 'मला पण खेळायला घ्या' हे चित्र त्याच्या दादाने वाढवले आहे.